‘जिमखाना’ शब्दाचें कुळ

मुलुंडचा जिमखाना व घाटकोपरचा जॉली जिमखाना हीं नांवें आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचीं आहेत. पण ‘जिमखाना’ हा शब्द कोणत्या भाषेचा, असें विचारतांच वर्गांत बहुधा एकच उत्तर येतें: “इंग्रजी!” इंग्रजी कोशांत तो आहे हें खरें, तथापि त्याचा जन्म इंग्लंडांत झाला नाहीं.

हा जोडशब्द आहे. उत्तरपद ओळखावयास सोपें. फारसींत ‘खाना’ म्हणजे घर किंवा जागा. दवाखाना, कारखाना, तोफखाना या शब्दांतून तें मराठींत केव्हांच रुळलें आहे. अडचण आहे ती पूर्वपदाची. ‘जिम’ पाहतांच ‘जिम्नॅशियम’ आठवतें. तो शब्द मूळचा ग्रीक. ग्रीक तरुण उघड्या अंगानें व्यायाम करीत. ‘जिम्नॉस’ म्हणजे नग्न, त्यावरून व्यायामशाळेस तें नांव पडलें. एवढ्यावरच थांबलों, तर जिमखाना म्हणजे व्यायामाचें घर, असें आपण ठरवून मोकळे होऊं.

परंतु शब्दाचें कुळ केवळ तोंडवळ्यावरून ठरवूं नये. त्याचा पूर्वेतिहास पाहावा. यूल व बर्नेल यांनीं १८८६ सालीं ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. त्यांस या शब्दाचा पहिला माग १८६१ सालीं रुडकी येथें लागला. मात्र तो मुंबई इलाख्यांत घडला असावा, असें त्यांचें मत होतें. साहेबलोकांच्या रॅकेट खेळण्याच्या जागेस हिंदुस्थानींत ‘गेंदखाना’, म्हणजे चेंडूघर, म्हणत. त्यांतील ‘गेंद’ला ‘जिम्नॅस्टिक्स’चें वळण लागून ‘जिमखाना’ झाला असावा. अनोळखी शब्द ओळखीच्या साच्यांत बसविण्याची खोड सर्वच भाषांना आहे. पहारेकऱ्याच्या तोंडीं ‘हू कम्स देअर’चें ‘हुकुमदार’ झालें तें याच रीतीनें.

१८७५ सालीं मुंबईस बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. हिंदुस्थानांतील पहिला कसोटी सामना १९३३ सालीं तेथेंच खेळला गेला. हाच शब्द विलायतेस जाऊन तेथें मात्र मुख्यतः घोडेस्वारीच्या स्पर्धांचा वाचक झाला. चेंडू मागें राहिला, व्यायामशाळाही राहिली!

आपलीं मुलें भेसळ मराठी बोलतात, म्हणून कित्येक पालक खंत करितात. त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, इंग्रजीनेंही आपल्या दारांतून शब्द उचलले आहेत. दुसऱ्याचा शब्द घेण्यांत कमीपणा नाहीं. तो कोठून आला याची चौकशीच न करणें हें मात्र विद्यार्थ्यास शोभत नाहीं. ‘पावरोटी’तील ‘पाव’ पोर्तुगीजांचा आहे. आतां ‘रेलगाडी’चीं दोन पदें कोणकोणाचीं, तें विद्यार्थ्यांनीं घरीं वडीलधाऱ्यांजवळ बसून शोधावें.