तुझी वही वाचली

चिखला, ता. तुमसर

चि. छकुलीस,


तुझ्या कादंबरीची वही दोनदा वाचली. एकदा आत्या म्हणून, तेव्हा रडले. दुसऱ्यांदा मास्तरीण म्हणून, लाल पेन घेऊन. हे पत्र दुसऱ्या वाचनाचं.

नायिकेचा बाप जातो, नवव्या पानावर नागपूरच्या बसमध्ये मुलगा भेटतो आणि विसाव्या पानावर पोरगी खिदळायला लागते. इतकी कसली घाई? त्या मुलाचं तू औषध करून टाकलंस. त्याला तिच्या रडण्याचा कंटाळा येऊ दे, कधी भांडू दे की!

'दिल बेचारा' सिनेमा तू मोबाइलवर कितीदा पाहिलास! तो ज्या कादंबरीवरून काढला, ती जॉन ग्रीनची 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' (2012) मिळव. तिथं प्रेमानं कॅन्सर हटत नाही. दोघं थट्टा करतात आणि मरण शेजारीच बसलेलं असतं. आपल्याकडे कुमारसाहित्य संपलं की थेट मोठ्यांचं कपाट. मधल्या वयाला फार थोडं मिळतं. पण मिलिंद बोकिलांची 'शाळा' आहे. तिच्यात कोणी मरत नाही, जोशीला आवडणारी शिरोडकर नुसती गाव सोडून जाते, तरी त्याच्याबरोबर आपणही रिकामे होतो. आणि 'कोसला' वाच. 1963 साली ती आली तेव्हा नेमाडे पंचविशीतले. नायक पांडुरंगची धाकटी बहीण मनी जाते, ती पानं सावकाश वाच.

तुझ्या वहीत 'अथांग वेदना' चौदा वेळा आलीय. मोजली मी. अगं, खाणीच्या गावातली तू. खोली किती ते इथं फुटांत सांगतात!

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. दादा गेल्याच्या आठव्या दिवशी, तू झोपलेली असताना, वहिनी नळावर त्याची ड्यूटीची पँट धूत होती. मँगनीजची धूळ ती. पहिली बादली काळीकुट्ट, दुसरी करडी. तिसऱ्या बादलीचं पाणी स्वच्छ निघालं तशी तिचे हात थांबले. ओली पँट मांडीवर घेऊन म्हणाली, "निघालं सगळं." मग कितीतरी वेळ नळ तसाच वाहत होता. बंद करायचं मलाही सुचलं नाही.

असलं काही लिही. नायिकेला पुणेरी बोलायला लावू नकोस. चिडली की झाडीबोलीतच चिडू दे. मुलगा गोबरवाहीच्या स्टेशनवर भेटला तरी चालेल.

पँटची गोष्ट हवी तर घे. पण आधी आईला विचार.

तुझी,
आत्या