लिलावातलं घर : बोलीआधीचे कानमंत्र

भाचरांनो,

गेले काही महिने तुम्ही दोघं घर शोधताय आणि बँकांच्या ई-लिलावाच्या नोटिसा एकामागून एक मला पाठवताय. प्रत्येक नोटिशीखाली प्रश्न तोच : ‘आत्या, शेजारचा फ्लॅट साठ लाखांना आहे, हा अठ्ठेचाळीसला निघालाय. घ्यायचा का?’ बँकेच्या वसुली विभागात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. अशा नोटिसा काढणं, फ्लॅट दाखवणं, बोली चालू असताना पडद्याकडे डोळे लावून बसणं, हे माझं रोजचं काम होतं. तेव्हा टेबलाच्या पलीकडच्या बाजूने जे पाहिलं, ते आता तुमच्या कानात सांगते.

आधी उत्तर देते. लिलावातलं घर खरोखर स्वस्त पडू शकतं. पण ठरल्या किमतीला घर विकणारा माणूस त्या किमतीत बरंच काही करून देतो. घर रिकामं करतो, कागद दाखवतो, सोसायटीचं देणं चुकतं करतो, चावी हातात ठेवतो. लिलावात ही सगळी कामं तुमच्या गळ्यात येतात. लिलावातली सूट म्हणजे त्या कामांची आणि जोखमीची मजुरी. मजुरी कामापेक्षा जास्त असेल तर सौदा चांगला, कमी असेल तर तोट्याचा. बाकीचे सगळे कानमंत्र याच हिशेबासाठी आहेत.

राखीव किमतीला बाजारभाव समजू नका

राखीव किंमत म्हणजे बोली जिथून सुरू होते तो तळ. बँक मूल्यांकनकाराकडून किंमत काढून घेते आणि त्यावरून हा आकडा ठरवते. त्याच्या खाली विकायचं तर कर्जदाराची संमती लागते. चार बोलीदार आले की आकडा वर जाणारच, म्हणून राखीव किंमत पाहून हुरळून जाऊ नका.

तुलना कशाशी करता, हेही महत्त्वाचं. मालमत्तेच्या संकेतस्थळांवर मालक मागतो ती किंमत दिसते, त्याला मिळते ती नाही. या फुगलेल्या आकड्याशेजारी ठेवला तर कोणताही लिलाव स्वस्तच दिसेल. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची सोय आहे. तिथे त्याच इमारतीतल्या, नाहीतर शेजारच्या इमारतीतल्या अलीकडच्या व्यवहारांची सूची क्रमांक २ पाहा. प्रत्यक्षात नोंदलेला सौदा किती रुपयांचा, ते तिथे कळतं. तुलना त्या आकड्याशी करा.

नोटिशीतली ताब्याची ओळ आधी वाचा

बँकांचे हे लिलाव २००२ सालच्या सरफेसी कायद्याखाली होतात. कर्ज थकलं की बँक ६० दिवसांची मागणी नोटीस देते आणि त्यानंतरही पैसे आले नाहीत तर गहाण मालमत्तेचा ताबा घेते. हा ताबा दोन प्रकारचा असतो. प्रत्यक्ष ताबा असेल तर कुलूप बँकेचं, चावी बँकेकडे. प्रतीकात्मक ताबा असेल तर दारावर नोटीस चिकटवलेली आणि आत कुटुंब राहतंय. नोटिशीत हा फरक एका शब्दाचा असतो, पण त्यावर तुमचं वर्ष जाऊ शकतं.

प्रतीकात्मक ताब्याच्या घरासाठी बँकेला कलम १४ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कायद्यात ३० दिवसांची मुदत आहे, कारण नोंदवून ती एकूण ६० दिवसांपर्यंत जाते. प्रत्यक्षात याहून बराच वेळ लागलेला मी पाहिला आहे. घरात खरा भाडेकरू असेल तर गुंता आणखी वाढतो, कारण तुम्ही लिलाव जिंकला म्हणून त्याचे हक्क आपोआप संपत नाहीत. तुमचं पहिलंच घर आहे, डोक्यावर भाडं आणि हप्ता दोन्ही येणार आहेत. तुम्ही फक्त प्रत्यक्ष ताब्यातलं घर बघा. ताबा कधी आणि कोण देणार, हे बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याकडून लेखी घ्या.

‘जसे आहे, जेथे आहे’ या शब्दांत सगळं देणं लपलेलं असतं

लिलाव ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावर असतो. म्हणजे भिंतीची ओल तुमची, तुटलेली मोरी तुमची, आणि बहुतेक वेळा जुनी थकबाकीही तुमची. बोलीआधी सोसायटीच्या कार्यालयात जाऊन थकबाकीचा लेखी आकडा मागा. ज्याचं कर्ज थकलं त्याचा देखभाल खर्चही थकलेला असतो, आणि त्यावर व्याज चढत असतं. मग महापालिकेचा मालमत्ता कर पाहा. विजेचं बिलही पाहा. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की नियमांत तशी तरतूद असेल तर वीज कंपनी जुन्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडे मागू शकते. नोटिशीत ‘ज्ञात भार : नाही’ असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ बँकेला ठाऊक असलेला भार नाही, एवढाच. तो शोधायचं काम तुमचं.

वकिलाच्या फीमध्ये काटकसर करू नका

पाहणीच्या दिवशी घर पाहा आणि त्याच आठवड्यात बँकेकडच्या मूळ कागदांच्या प्रती वकिलाला दाखवा. वकिलाला चार गोष्टी विचारा. मालकीची साखळी पूर्ण आहे का? केंद्रीय नोंदणीत, म्हणजे ‘सरसाई’वर, दुसऱ्या कोणाचा बोजा दिसतो का? इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का? कर्जवसुली न्यायाधिकरणात कर्जदाराने दाद मागितली आहे का?

शेवटचा प्रश्न फार मोलाचा. बँकेच्या कारवाईविरुद्ध कलम १७ खाली कर्जदाराला ४५ दिवसांत दाद मागता येते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर, आणि २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की कर्ज फेडून मालमत्ता सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो. पण बँकेने नोटिशीत किंवा मुदतीत चूक केली असेल तर ती विक्री न्यायाधिकरणात अडकू शकते. तेव्हा तुमचे पैसे बँकेत आणि घर कोर्टात, अशी अवस्था होते. वकिलाला दिलेले काही हजार रुपये हे त्यापासूनचं संरक्षण समजा.

पैशांचं वेळापत्रक पाठ करा

बोली लावायला आधी इसारा भरावा लागतो, साधारणपणे राखीव किमतीच्या १० टक्के. बोली तुमच्या नावावर थांबली की इसारा धरून एकूण २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायचे. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळू शकते, पण तीन महिन्यांच्या पुढे नाही. ७५ टक्के वेळेत आले नाहीत तर आधीचे २५ टक्के जप्त होतात. ही जप्ती योग्य असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं आहे.

तुमचा पैसा गृहकर्जातून येणार, म्हणून कर्जमंजुरी बोलीच्या आधी हवी. ‘लिलावातल्या याच फ्लॅटवर कर्ज द्याल का?’ हा प्रश्न बँकेला नेमका विचारा. प्रतीकात्मक ताब्याच्या घरावर कर्ज द्यायला पुष्कळ बँका नाखूश असतात. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, तेही लक्षात ठेवा. आणि इसारा फक्त नोटिशीतल्या बँक खात्यात किंवा अधिकृत लिलाव संकेतस्थळामार्फतच भरा. ‘साहेबांशी ओळख आहे, आतल्या आत करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका.

कमाल आकडा कागदावर लिहा

आता तुमचाच साठ लाखांचा फ्लॅट घेऊ. नोंदलेल्या व्यवहारांवरून तशा घराची किंमत खरोखर ६० लाख निघाली असं समजा. त्यातून वजा करत चला. सोसायटीची थकबाकी दीड लाख. कर आणि वीज पन्नास हजार. प्लंबिंग, वायरिंग, रंग मिळून तीन लाख. ताबा मिळेपर्यंत एक वर्ष भाड्याच्या घरात राहावं लागलं तर २०,००० प्रमाणे दोन लाख चाळीस हजार. वकील, शोध, धावपळ चाळीस हजार. बेरीज सात लाख ऐंशी हजार. राहिले ५२ लाख २० हजार. मुद्रांक शुल्क दोन्हीकडे आहेच, ते धरू नका. हप्त्याचं व्याजही दोन्हीकडे आहे. जादा खर्च होतो तो भाड्याचा.

अजून जोखमीची मजुरी काढायची आहे. कोर्ट, उशीर, नजरेतून सुटलेलं एखादं देणं यासाठी मी किमतीच्या १० टक्के धरते. म्हणजे ६ लाख. उरले ४६ लाख २० हजार. हा तुमचा कमाल आकडा. राखीव किंमत ४८ लाख. म्हणजे वीस टक्के स्वस्त दिसणारा हा फ्लॅट, पहिली बोली लावण्याआधीच तुमच्यासाठी महाग आहे. तोच फ्लॅट प्रत्यक्ष ताब्यात असेल, थकबाकी बँक भरणार असेल आणि घर राहण्याजोगं असेल, तर हाच हिशेब तुमच्या बाजूने झुकेल. म्हणून प्रत्येक घरासाठी वेगळा कागद करा.

बोलीच्या दिवशी आकडा बदलू नका

ई-लिलावात शेवटच्या काही मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप पाच-दहा मिनिटांनी वाढते. शेवटच्या क्षणी बोली लावून जिंकण्याची युक्ती तिथे चालत नाही. मुदत पुन्हा पुन्हा वाढत जाते आणि माणूस ‘आणखी फक्त पंचवीस हजार’ म्हणत पुढे सरकतो. आपल्याच हातचं घर कोणीतरी हिसकावून नेतंय, असं त्याला वाटायला लागतं.

हे फक्त घरांच्या बाबतीत घडतं असं नाही. अमेरिकेत २००४ साली ईबे या संकेतस्थळावर एक बोर्ड गेम लिलावातही मिळत होता आणि त्याच वेळी, त्याच संकेतस्थळावर, ठरल्या किमतीलाही. तरी ४२ टक्के लिलाव त्या ठरल्या किमतीच्या वर गेले. यंग हान ली आणि उलरिके मालमेंडियर यांनी हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. त्यातली खरी शिकवण अशी की बहुतेक बोलीदार शहाणेच होते. पण लिलाव त्या शहाण्यांना बाजूला सारतो आणि जो सर्वांत जास्त वाहवत गेला त्यालाच विजयी करतो. म्हणून तुमच्यापैकी एकाने बोली लावावी आणि दुसऱ्याने तो कागद हातात धरून शेजारी बसावं. आकडा गाठला की लॅपटॉप बंद. हरलेला लिलाव म्हणजे वाचलेले पैसे.

घाई करू नका, पण कारण विचारा

पहिल्या फेरीत बोलीच आली नाही तर बँक पुन्हा लिलाव काढते, आणि पुष्कळदा राखीव किंमत खाली आणते. पहिल्या विक्रीसाठी ३० दिवसांची नोटीस लागते, फसलेल्या विक्रीनंतरच्या फेरीला १५ दिवसांची पुरते. थांबणाऱ्याला फायदा होतो. पण तिसऱ्या फेरीतही घर पडून असेल तर स्वस्त झालं म्हणून उडी मारू नका. चौकीदाराला, सोसायटीच्या सचिवांना, खालच्या दुकानदाराला विचारा. कारण तिथे समजतं.

दारामागच्या माणसांशी नीट वागा

प्रत्येक लिलावामागे कोणाचा तरी बुडालेला धंदा, आजारपण किंवा गेलेली नोकरी असते. पाहणीला गेलात आणि घरात माणसं असली तर त्यांच्याशी आवाज चढवून बोलू नका, परस्पर दम देऊ नका, गुंड-पुंड पाठवण्याचा विचारही करू नका. ताबा कायद्याने आणि बँकेमार्फतच घ्यायचा. आपलं पहिलं घर कोणाच्या शिव्याशापांनी सुरू व्हावं, असं मला वाटत नाही.

मग ठरल्या किमतीचं घर कोणी घ्यावं?

ज्याला ठरावीक तारखेला राहायला जायचं आहे, ज्याच्याकडे हाताशी जादा रक्कम नाही आणि कोर्टकचेरीचे हेलपाटे घालायला वेळ नाही, त्याने ठरल्या किमतीला घर घ्यावं. महारेरात नोंदलेल्या प्रकल्पात ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. लिलावातल्या घराला असं कवच नसतं. पुनर्विक्रीच्या घरात मालक समोर बसतो, प्रश्न विचारता येतात, आणि जाहिरातीतली किंमत म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. नोंदलेल्या व्यवहारांचा कागद समोर ठेवून घासाघीस करा, दोन-चार लाख तिथेही सुटतात. म्हाडाच्या सोडतीतही किंमत ठरलेली असते. तिथे नशीब लागतं, पण बोलीची चढाओढ नसते. दरवर्षी अर्ज भरत राहा.

माझा सल्ला असा. प्रत्यक्ष ताबा, स्वच्छ कागद, लेखी थकबाकी, मंजूर कर्ज आणि तुमच्या कमाल आकड्याखाली सुरू होणारी बोली, या पाचही गोष्टी जुळल्या तर लिलावात बिनधास्त उतरा. एक जरी कमी पडली तर ठरल्या किमतीचं घर घ्या, ते तुम्हाला स्वस्तच पडेल. पुढची नोटीस मला पाठवाल तेव्हा सोबत हिशेबाचा कागदही पाठवा.

तुमची आत्या