परतीच्या गाडीतलं बोलणं

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांच्या ऑडिशनच्या रांगेत पहाटेपासून मी अनेक आईबाबांना पाहिलंय. पोराच्या गळ्याला मफलर, हातात कोमट पाण्याची बाटली. त्या रांगेत एकदा मीही होतो, लेकीला घेऊन. ती पहिल्याच फेरीत बाद झाली. पुण्याहून साताऱ्याला परतताना अख्खा रस्ता मी तिला एकच ऐकवत होतो : अंतऱ्यात सम कशी हुकलीस! मी स्वतः गाणं शिकवतो ना, राहवतं कुठे! त्यानंतर दोन वर्षं तिने पेटीला हात लावला नाही.

आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात ते अशाच स्पर्धेतले 2009 चे लिटिल चॅम्प्स. त्या पर्वात जिंकली एकटी कार्तिकी गायकवाड. पण तिच्याबरोबर गाणाऱ्या आर्या, मुग्धा, प्रथमेश, रोहित यांना आज कोणी हरलेले म्हणतं का? शिवाय कार्तिकीचे वडील कल्याणजी स्वतः गायक, आर्याची आई श्रुती शास्त्रीय गायिका. कॅमेरा घरात यायच्या कितीतरी आधी तिथे गाणं नांदत होतं. तुमचं लेकरू स्पर्धा नसतानाही गुणगुणतं का, एवढं बघा आणि मग फॉर्म भरा.

निवड झालीच, तर हुरळून जाऊन पुढ्यात येईल त्या कागदावर सही करू नका. बालकलाकारांसाठी 2017 पासून नियम आहेत. दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांहून जास्त नाही, आणि कमाईतला किमान 20 टक्के वाटा मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत गेला पाहिजे. हे विचारायला लाजू नका. विचारणाऱ्या पालकाला ‘कटकट्या’ म्हणतात, म्हणू देत. आठ वर्षांच्या मुलीला शृंगाराची लावणी दिली, तर ‘हे गाणं नको’ म्हणणंही तुमच्याच वाट्याचं काम. टाळ्या पडतील हो, पण तिला त्या ओळींचा अर्थ विचारून बघा.

मुलगा असेल तर बारा-तेराव्या वर्षी आवाज फुटतो. कालपर्यंत सहज लागणारा वरचा षड्ज अचानक साथ देत नाही. त्या दिवसांत त्याला स्पर्धेपासून लांबच ठेवा.

आणि बाद झालं लेकरू, तर गाडीत बसल्यावर सुरांचा विषय काढू नका. भूक लागली असेल, वाटेत कुठे वडापाव दिसला तर गाडी थांबवा.