कान दुखायच्या आधी

झिला, यंदा तू मालवणच्या होडीवरून पर्यटकांना पाण्याखाली न्यायला लागणार. पोहणं तुला शिकवायला नको, आणि सिलिंडर, रेग्युलेटर, मास्क यांचं सगळं प्रशिक्षणात पक्कं झालंच आहे. मी सांगतो ते कानाचं. स्कूबात सगळ्यांत जास्त दुखापत होते ती कानाला, आणि त्यासाठी फार खोल जावं लागत नाही. होडीखालच्या पहिल्या दोन वावांतच कान फुटू शकतो.

एकदा रिकामी प्लॅस्टिकची बाटली बूच घट्ट लावून खाली घेऊन जा. दहा मीटरवर ती चेपून जाते, कारण वर हवेचा दाब एक पट असतो तो तिथे दुप्पट होतो आणि आतली हवा निम्म्या जागेत मावते. पुढे दहाचे वीस मीटर झाले, तर ती जागा निम्म्यावरून एक तृतीयांशावर येते, एवढंच. म्हणजे सगळ्यांत मोठा फरक पहिल्या दहा मीटरमध्येच पडतो, आणि आपले पाहुणे उतरतात तेही याच पाण्यात. कानाच्या पडद्यामागे मधल्या कानात अशीच हवा असते. तिला वाट एकच, नाकाच्या मागे उघडणारी बारीक नळी. एरवी ती मिटलेली असते. आवंढा गिळला, जांभई दिली की उघडते. ती उघडली नाही तर पडदा आत ओढला जातो, आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि शेवटी पडदाच फाटतो.

होडीत प्रत्येकाला विचार: सर्दी आहे का? कान कधी वाहिला होता का, कानाचं ऑपरेशन झालंय का? आणि घाट उतरताना दडे बसले होते का, ते सुटले का? आंबोलीचा सगळा घाट उतरताना कानावर जेवढा दाब वाढतो, तेवढा पाण्यात मीटरभर खाली जाईपर्यंत वाढलेला असतो. घाटातले दडे अजून सुटले नसतील, तर त्या माणसाला पाण्यात उतरवू नकोस.

कान मोकळे करायला पाण्यावरच सुरुवात करायची. डोकं बुडायच्या आधी एकदा, मग दर हात-दीड हाताला. दुखायची वाट बघायची नाही. कान मोकळा न करता मीटर-सव्वा मीटर खाली गेलं की नळीचं तोंड दाबाने चिकटतं, मग कितीही फुंकलं तरी उघडत नाही.

जोर कधीच लावायचा नाही. नाक चिमटीत धरून हळू फुंकायची रीत सगळ्यांना ठाऊक असते. वाल्साल्वा नावाच्या इटालियन वैद्याने ती 1704 सालच्या कानावरच्या ग्रंथात लिहून ठेवली. पण हीच रीत गाल फुगवून, ताकदीने केली, तर मधल्या आणि आतल्या कानामधला पातळ पापुद्रा फाटू शकतो, आणि ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. त्यापेक्षा नाक दाबून आवंढा गिळायला शिकव. तुला स्वतःला तिसरी रीत यायलाच हवी: नाक बंद ठेवून, 'क' म्हणताना जीभ मागे जाते तशी मागे रेटायची. छातीचा जोर लागत नाही. फ्रेंझेल या जर्मन डॉक्टरने दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना ती शिकवली होती.

खाली जाताना पाय खाली, डोकं वर आणि हात दोरावर. डोकं खाली केलं की नळी सुजल्यासारखी होते, कान सुटायला जड जातं.

कान दुखला तर जागीच थांबायचं, मीटरभर वर यायचं, पुन्हा करून बघायचं. नाही सुटला तर सरळ होडीवर. खुणा होडीतच घोटून घे: पंजा आडवा धरून हलवायचा आणि कानाकडे बोट दाखवायचं. आणि अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चला', हे प्रत्येकाकडून दोनदा वदवून घे.

कानात बोळे घालून कोणाला उतरू देऊ नकोस. बोळा आणि पडदा यांच्यामध्ये हवा अडकते आणि बोळा आत ओढला जातो. सर्दीची गोळी खाऊनही नको. खाली असताना गोळीचा असर उतरला, तर वर येताना हवा आतच कोंडते. असं झालंच तर थोडं खाली जाऊन आवंढा गिळत सावकाश वर यायचं. त्या वेळी नाक दाबून फुंकायचं अजिबात नाही.

पाण्याखाली पडदा फाटला, तर थंड पाणी आत शिरून सगळं गरगर फिरतं, वर-खाली कळत नाही. अशा माणसाला घट्ट धर, त्याचा हात दोरावर ठेव. पाणी अंगाच्या उबेला आलं की चक्कर ओसरते. मग सावकाश वर आण.

किनाऱ्यावर आल्यावर कान दुखतोय, बधिर वाटतोय, पाणी किंवा रक्त येतंय, तर कानात काही घालायचं नाही. आपल्याकडे लगेच लसूण घालून कोमट केलेलं तेल सोडतात. फाटलेल्या पडद्यातून ते आत जातं. कान कोरडा ठेवायचा, नाक शिंकरायचं नाही, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं. लहान भोक बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरतं. पण चक्कर थांबत नाही, ऐकू कमी येतंय, कानात नवीन आवाज सुरू झालाय, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा आणि डॉक्टर म्हणेपर्यंत विमानात बसायचं नाही.

पाहुणा म्हणेल, पैसे भरलेत, व्हिडिओ हवा. त्याला नीट समजाव, पण खाली नेऊ नकोस. आणि हे सगळं तुलाही लागू आहे. पाहुणा एकदाच उतरतो, तू दिवसातून कितीतरी वेळा वर-खाली करणार. पडसं झालं असेल त्या दिवशी होडीवर राहा, दोर सांभाळ, सिलिंडर चढव-उतरव, पण पाण्यात जाऊ नकोस. हे मालकाशी हंगाम सुरू व्हायच्या आधीच बोलून ठेव, म्हणजे गर्दीच्या दिवशी कोणाला तोंड द्यावं लागणार नाही.