ट्रॉलीचा ब्रेक व त्याची जोडणी

कापसाची वेंचणी सुरू झाली म्हणजे आमच्या बोरगांव मेघे येथून वर्ध्याच्या बाजाराकडे व हिंगणघाटकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॅक्टर कोणता घ्यावा, किती अश्वशक्तीचा घ्यावा, कर्ज कोठून काढावें, याची चर्चा शेतकरीवर्गांत पुष्कळ होते. ट्रॉलीविषयीं मात्र एवढेंच विचारलें जातें कीं, तिच्यांत माल किती मावतो. ती थांबते कशी, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. कारण ट्रॅक्टर थांबला म्हणजे ट्रॉली थांबलीच, असा सर्वांचा समज आहे. हा समज कोठें चुकतो, व ट्रॉलीस स्वतःचा ब्रेक बसवावयाचा झाल्यास काम कोणत्या क्रमानें करावें, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम हिशेब पाहूं. ट्रॅक्टरचें वजन २० क्विंटल धरावें. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागील दोन चाकांवरच चालतात. हीं दोन चाकें जमिनीस जितकें धरून राहतील, तितकेंच बळ थांबविण्याच्या कामीं मिळतें. ताशीं २५ किलोमीटर वेगानें जाणारा सुटा ट्रॅक्टर कोरड्या डांबरी सडकेवर सुमारें ६ मीटरांत उभा राहूं शकतो. आतां त्यामागें मालासह ६० क्विंटल वजनाची चारचाकी ट्रॉली जोडली असें समजा. थांबविणारें बळ तेंच राहिलें, परंतु थांबवावयाचें वजन २० चें ८० क्विंटल झालें. अर्थात् अंतरही चौपट होऊन २५ मीटरांच्या घरांत गेलें. ब्रेकवर पाय जाईपर्यंत मनुष्यास एक सेकंद तरी लागतो. तेवढ्यांत ७ मीटर निघून जातात, ते निराळेच.

हें झालें सपाट सडकेचें. रेल्वेवरील पुलाचा किंवा नाल्याच्या रपट्याकडे जाणारा उतार घेतला, तर हिशेब फार बिघडतो. दर १५ मीटरांस १ मीटर उतार असल्यास ८० क्विंटलांची खालीं जाण्याची ओढ इतकी असते कीं, त्या दोन चाकांच्या बळापैकीं दोन तृतीयांश ती खाऊन टाकते. उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यावर गाडी थांबवावयाची, म्हणजे अंतर आणखी तिप्पट होऊन ७५ मीटरांच्या घरांत जातें. वेग निम्मा केला तर अंतर चौथाईवर येतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पण उतारावर वेग निम्मा ठेवणें हेंच ब्रेकावांचून कठीण.

अंतराहूनही वाईट गोष्ट दुसरी आहे. ड्रायव्हरनें घाबरून ब्रेक जोरानें दाबला कीं ट्रॅक्टरचीं मागील चाकें जाम होतात व त्यांची जमिनीवरील पकड सुटते. मागून ट्रॉली लोटतच असते. ट्रॅक्टर व ट्रॉली अगदीं सरळ रेषेंत असतील तर ठीक; किंचित् वांकडी असली तर ती लोट ट्रॅक्टरच्या बाजूस बसते, आणि अडकित्ता मिटावा तसा ट्रॅक्टर ट्रॉलीकडे वळून उलटतो. आपल्या काळ्या जमिनीचा चिखल टायरांबरोबर सडकेवर येतो व पहिल्या पावसांत त्याचें साबण होतें. तेथें ही पकड निम्मीही राहत नाहीं. शेतांत चटकन् वळतां यावें म्हणून ट्रॅक्टरास डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक निरनिराळ्या पेडलांवर दिलेले असतात. सडकेवर येण्यापूर्वीं हीं दोन्ही पेडलें खिटीनें एकत्र जोडलीं पाहिजेत. शेतांतून तसाच सडकेवर आलेला ड्रायव्हर एकाच पेडलावर पाय देतो व ट्रॅक्टर त्या अंगास वळतो. या खिटीस पैसा लागत नाहीं.

बैलबंडीस हा प्रश्न नव्हता काय? होताच. उतारावर बैल मागें रेलून, मानेवर जूं घेऊन गाडी आवरीत. ओझें फार असलें तर चाकांच्या मागें आडवें लांकूड दोरानें आवळून तें चाकांस घांसत ठेवीत. म्हणजे ओढणाराच्या अंगावर सर्व भार न टाकतां चाकासच अडवावें, ही अक्कल आपल्या पूर्वजांस होती. आगगाडीनें तीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर केली. प्रारंभीं इंजिनाचा ब्रेक वेगळा व डब्यांवर बसलेले ब्रेकवाले वेगळे, असा प्रकार असे. १८६९ सालीं अमेरिकेंतील जॉर्ज वेस्टिंगहाऊस यानें दाबलेल्या हवेचा ब्रेक काढला, आणि १८७२ सालीं त्यांत अशी सुधारणा केली कीं, डबा तुटून नळी फाटली तर ब्रेक सुटण्याऐवजीं आपोआप लागावा. वर्धा जंक्शनावर मालगाडी थांबतांना जो फुसकारा ऐकूं येतो तो याच जातीच्या ब्रेकाचा. तेथें प्रत्येक डबा स्वतःस आवरतो. इंजिनावर भार टाकीत नाहीं.

ट्रॉलीस ब्रेक देण्याच्या रीती मुख्यतः चार आहेत. हवेचा ब्रेक मालमोटारींस व मोठ्या ट्रॅक्टरांस शोभतो; त्यास हवा भरणारें यंत्र व टांकी लागते, म्हणून सामान्य शेतकऱ्यानें त्याच्या भानगडींत पडूं नये. विजेचा ब्रेक अमेरिकेंत पिकअप मोटारीमागें ट्रॉली जोडणाऱ्यांत सर्रास आहे. त्यांत चाकाच्या ड्रमांत लोहचुंबक असतो. वीज मिळाली कीं तो फिरत्या ड्रमास चिकटून ओढला जातो व त्याच्या दांडीनें ब्रेकचे लायनर ड्रमावर दाबले जातात. किती वीज सोडावी हें ठरविणारी एक लहान पेटी ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशीं बसवितात. तिला चार तारा: काळी बॅटरीच्या धन टोंकास, पांढरी ऋण टोंकास, तांबडी ब्रेकच्या दिव्याच्या बटणास, व निळी मागें ट्रॉलीच्या ब्रेकांकडे. हलक्या प्रतीची पेटी ब्रेकचा दिवा लागतांच ठराविक गतीनें वीज वाढवीत जाते. चांगली पेटी मोटारीचा वेग किती झपाट्यानें कमी होतो आहे हें स्वतः ओळखून त्या प्रमाणांत वीज देते. बळ कमीअधिक करण्याची कळ पेटीवरच असते, व ट्रॉली तुटून सुटल्यास ब्रेक लागावा म्हणून ट्रॉलीवर निराळी लहान बॅटरी ठेवितात. ही व्यवस्था सुबक आहे. परंतु आमच्याकडील ट्रॉल्यांस तसले ड्रम सहसा नसतात, आणि गोठ्यांतील उंदीर तारांस काय करतात हें वाचक जाणतातच. तिच्यांतून घेण्यासारखें तत्त्व एकच: मागील ब्रेक पुढील ब्रेकाच्या प्रमाणांत लागला पाहिजे, व तें प्रमाण मालाप्रमाणें बदलतां आलें पाहिजे.

उरल्या दोन रीती आपल्या उपयोगाच्या. एकीस धक्क्याचा ब्रेक म्हणावें. ट्रॉलीची दांडी एकसंध न ठेवतां नळींत नळी सरकेल अशी करतात. ट्रॅक्टर मंदावला कीं ट्रॉली पुढें लोटते, आंतील नळी सरकते व ती मास्टर सिलिंडर दाबून तेलाच्या योगें ट्रॉलीच्या चाकांचे ब्रेक लावते. ट्रॅक्टरास कांहीं एक जोडावें लागत नाहीं, हा मोठा गुण. दोष असा कीं, ट्रॉली मागें घेतांना तिला लोट बसून ब्रेक लागतो. म्हणून त्या वेळीं सरकण अडविणारी खुंटी लागते, आणि काम झाल्यावर ती काढण्याचें विसरल्यास ब्रेक असून नसल्यासारखा. शिवाय विलायतेंत सडकेवरील ट्रॉल्यांस हा प्रकार साडेतीन टन एकूण वजनापर्यंतच चालूं देतात. तेव्हां हलक्या ट्रॉलीस तो ठीक. ६० क्विंटलांच्या ट्रॉलीनें त्याच्या भरंवशावर राहूं नये.

दुसरी रीत ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक तेलाची. ट्रॅक्टरवर एक व्हॉल्व्ह बसवितात. ब्रेकच्या पेडलावर जितका दाब, तितक्या प्रमाणांत तो मागील नळींत तेलाचा दाब सोडतो. अमेरिकेंतील पेटीचेंच काम हा व्हॉल्व्ह करतो. फरक इतकाच कीं तेथें वीज, येथें तेल. जड ट्रॉलीस हीच रीत योग्य, असें आमचें मत आहे. आपल्या ट्रॅक्टरास असा व्हॉल्व्ह बसतो किंवा नाहीं, हें कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपांत विचारून घ्यावें व तो तेथेंच बसवावा. ट्रॅक्टरच्या ब्रेकाच्या दांड्यांस गांवच्या वेल्डिंगवाल्याचा हात लावूं देऊं नये.

कामाचा क्रम चाकापासून धरावा, ट्रॅक्टरपासून नव्हे. आपल्याकडे पुष्कळ ट्रॉल्या साध्या आंसावर बनविलेल्या असतात; त्यांस ड्रमच नसतो. तेव्हां पहिलें काम ड्रमसह आंस बसविण्याचें. जुन्या मालमोटारीचा आंस मिळाल्यास ड्रम आंतून हातानें चांचपून पाहावा. कडेस उंच कंगोरा व मध्यें खोलगट झिजलेला असेल तर तो घेऊं नये. चारचाकी ट्रॉलीच्या निदान मागील आंसास, म्हणजे जवळजवळ निम्म्या वजनास ब्रेक मिळाला, तर वरच्या हिशेबांतील सपाट सडकेवरचें २५ मीटर अंतर एक तृतीयांशावर येतें. दोन्ही बाजूंचे लायनर नवे व एकाच प्रतीचे असावे. एका बाजूस नवा व दुसऱ्या बाजूस जुना असला म्हणजे ट्रॉली एका अंगास ओढते.

त्यानंतर नळी. ती सांगाड्याच्या आंतल्या अंगानें न्यावी, ठिकठिकाणीं पट्टीनें बांधावी, आणि जेथें दांडी वळते तेथें रबरी नळी पुरेशी सैल ठेवावी. ट्रॅक्टर पूर्ण वळला असतां ती ताणूं नये व सरळ असतां जमिनीस घांसूं नये. जोडणीच्या तोंडास टोपण पाहिजेच. धुळीचा एक कण सिलिंडरांतील रबर कापतो.

आतां तेलाविषयीं, कारण येथें बहुतेकांची फसगत होते. मोटारीच्या जातीच्या सिलिंडरांत जें ब्रेक ऑइल घालतात तें निराळें, व ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचें खनिज तेल निराळें. पहिल्याच्या सिलिंडरांतील रबर खनिज तेलांत फुगून निकामी होतें. जुन्या मोटारीचा आंस तिच्याच सिलिंडरांसह आणला व त्यास ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकची नळी जोडली, तर प्रथम ब्रेक उत्तम लागतो, कांहीं दिवसांनीं रबर फुगून चाक जाम होतें, आणि पुढें तेल गळून ब्रेक अजिबात जातो. म्हणून व्हॉल्व्हची रीत घेतल्यास खनिज तेलावर चालणारे सिलिंडरच घ्यावे. धक्क्याच्या ब्रेकांत मात्र ब्रेक ऑइलच घालावें, व तें जुनें उघडें राहिलेलें नसावें. कारण तें हवेंतील ओल ओढून घेतें.

तेल भरल्यावर हवा काढणें आलें. तेल दाबलें जात नाहीं, हवा दाबली जाते. नळींत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळा दाब त्यास दाबण्यांतच खर्च होतो. दोन माणसांनीं हें काम करावें. एकानें पेडल दाबून धरावें, दुसऱ्यानें सर्वांत दूरच्या चाकाचा स्क्रू ढिला करून फेंसाळ तेल जाऊं द्यावें व पेडल सोडण्यापूर्वीं स्क्रू आवळावा. स्वच्छ अखंड धार येईपर्यंत असें करीत राहावें, मग जवळचें चाक घ्यावें.

परीक्षा रिकाम्या ट्रॉलीवर, कोरड्या, सपाट व निर्मनुष्य जागीं करावी. ताशीं दहा-बारा किलोमीटर वेगानें जाऊन ब्रेक हळूहळू दाबावा. ट्रॉलीनें मागून ढकलल्यासारखें वाटलें तर तिचा ब्रेक कमी आहे. तिचीं चाकें फरफटलीं तर अधिक आहे. ट्रॉलीचा ब्रेक ट्रॅक्टरच्या ब्रेकाहून किंचित् आधीं लागावा, म्हणजे हुकावर ताण राहून दोघें सरळ रेषेंत थांबतात. मग अर्धा माल, नंतर पूर्ण माल भरून तेंच करावें. थांबल्यावर प्रत्येक ड्रमाजवळ हात न्यावा; एकच तापला असेल तर तो घासतो आहे.

नवा ब्रेक बसला म्हणून जुनी संवय राहूं देऊं नये. डिझेल वांचविण्यासाठीं उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची चाल आमच्या भागांत आहे. ज्या गिअरनें चढण चढावी लागेल, त्याच गिअरनें उतरावें, आणि तो उतार सुरू होण्यापूर्वीं टाकावा. मध्येंच बदलूं गेल्यास क्लच दाबलेल्या क्षणीं इंजिनाचा अटकाव नाहींसा होतो. हुकाच्या पिनेस खिळ, शिवाय साखळी, व साखळीहून थोडी आंखूड अशी ब्रेक ओढणारी दोरी असावी. पिन निघाली तर साखळी ताणण्यापूर्वीं दोरीनें ब्रेक लागला पाहिजे.

कागदपत्रांची गोष्ट आम्हांस सांगणें प्राप्तच आहे. ट्रॉलीची नोंद ट्रॅक्टरहून वेगळी होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमांत वाहनांत फेरबदल करण्याविषयीं नियम आहेत. म्हणून आंस बदलण्यापूर्वींच वर्ध्याच्या परिवहन कार्यालयांत विचारणा करावी व वर्कशॉपची पावती जपून ठेवावी. ट्रॉलीचा विमा आहे कीं फक्त ट्रॅक्टरचा, हेंही एकदां कागद काढून पाहावें.

आमची नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यु झाल्यास २०२३ पासूनच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेंत २ लक्ष रुपये मिळतात. परंतु ते सातबाऱ्यावरील खातेदारास किंवा त्याच्या कुटुंबांतील एका व्यक्तीस. संध्याकाळीं कापसाच्या ढिगावर बसून घरीं परतणाऱ्या वेंचणाऱ्या बायांपैकीं ज्यांच्या घरीं गुंठाभर जमीन नाहीं, त्यांचें नांव त्या कागदांत बसत नाहीं. मालाच्या ट्रॉलींत माणसें नेणें कायद्याविरुद्ध आहे, हें सर्वांस ठाऊक असून तें होतें, हेंही सर्वांस ठाऊक आहे. बायांस निराळ्या वाहनानें पोंचविण्याचा खर्च मजुरींतच धरावा, असें आम्ही सुचवितों.

हें काम करण्यास चैत्र-वैशाख बरे. त्या दिवसांत ट्रॉली रिकामी असते, सडका कोरड्या असतात. रोहिण्या लागल्या कीं बीं-खतांची वाहतूक सुरू होते व वर्कशॉपवाला दाद देत नाहीं. बसविल्यावर दर हंगामाच्या आरंभीं ड्रम उघडून धूळ झाडावी, लायनर पाहावे, आणि दिवाळीपूर्वीं पहिली खेप निघण्याआधीं पुन्हा एकदां रिकाम्या ट्रॉलीवर परीक्षा घ्यावी.