डाळीच्या दाण्याची विद्या : डॉ. कमलाबाई सोहोनी

नांदेड व लातूर या जिल्ह्यांत तूर, हरभरा, मूग, उडीद हीं पिकें घरोघरचीं आहेत. किती क्षेत्रांत तूर पेरली, हें पाहणीपत्रकांत लिहिलेलें सांपडतें. परंतु दाण्याच्या अंगीं गुणदोष कोणते, हें सांगणारें शास्त्र निराळें आहे. त्या शास्त्रांत नांव मिळविलेल्या एका विदुषीचें विद्याचरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

कमलाबाई भागवत यांचा जन्म १९११ सालीं झाला. वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. मुंबईची पदवी उत्तम प्रकारें संपादून १९३३ सालीं त्यांनीं बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत प्रवेश मागितला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणानें तो नाकारला. कमलाबाई मागें हटल्या नाहींत. अखेरीस एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांस घेण्यांत आलें. तेथें त्यांनीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्यांचें काम पाहून रामन यांचें समाधान झालें व त्या संस्थेचें दार इतर स्त्रियांसही उघडलें.

पुढें केंब्रिज येथें वनस्पतींच्या जीवरसायनाचे थोर अभ्यासक रॉबिन हिल यांच्याजवळ त्यांनीं काम केलें. बटाट्यावर प्रयोग करीत असतां, प्राण्यांच्या श्वसनक्रियेस लागणारें सायटोक्रोम-सी हें द्रव्य वनस्पतींतही असतें, असें त्यांस आढळलें. १९३९ सालीं त्यांस डॉक्टर ही पदवी मिळाली. स्वदेशीं परतल्यावर दिल्ली, कुन्नूर व विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था येथें त्यांनीं अध्यापन व संशोधन केलें. मुंबईच्या संस्थेच्या त्या पुढें संचालिकाही झाल्या. नीरा व कडधान्यें हे त्यांचे मुख्य विषय होते. १९९८ सालीं त्या निवर्तल्या.

शेतकऱ्यानें यांतून घ्यावयाचा धडा असा. ट्रिप्सिन हें पाचक द्रव्य आंतड्यांत प्रथिनें पचवितें. कच्च्या कडधान्यांत त्यास अडविणारें द्रव्य असतें. या विषयावर कमलाबाईंनीं मुंबईस शोध केले. दाणा नीट शिजविला म्हणजे तें द्रव्य बहुतांशीं निकामी होतें. सोयाबीनमध्येंही तें पुष्कळ असतें. सबब कोंबड्यांस कच्चें सोयाबीन घालूं नये, भाजून घालावें.

दुसरा धडा घरचा आहे. तें दार बंदच राहिलें असतें, तर या विद्येस आपण मुकलों असतों. ज्या कृषक बंधूची कन्या शास्त्र शिकूं इच्छिते, त्यानें तिला अडवूं नये, एवढीच आमची विनंती आहे.