आधी डोरी, मग फ्रिगेट

कोल्हापूर

चि. बंड्या यास


ताईने तुझा निरोप सांगितला आणि तू पाठवलेले फोटोही पाहिले. चार्ल्सटाउनच्या धक्क्यावरची 'कॉन्स्टिट्यूशन' ही जुनी फ्रिगेट बघून आलास आणि आता तीच लाकडात करायची म्हणतोस. हौस चांगली आहे. पण किट मागवू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी नको.

त्या जहाजाचं एक लाकडी किट १:७६ मापाचं आहे. म्हणजे तयार झाल्यावर लांबी जवळजवळ चार फूट. भाड्याच्या खोलीत ते ठेवणार कुठे, हा प्रश्न तुझी आई विचारेलच. मला काळजी वेगळी आहे. तीन डोलकाठ्यांचं जहाज म्हणजे काम बहुतेक दोऱ्यांचं. खलाशी ज्या दोरांच्या शिड्यांवरून वर चढत, त्यांच्या प्रत्येक पायरीला, दोर जिथे दोर ओलांडतो तिथे, एकेक गाठ मारायची. अशा शेकडो गाठी. आणि जहाजाचा आकार ज्या कामात शिकायला मिळतो ते सांगाड्याचं आणि फळ्यांचं काम मात्र अगदी सुरुवातीला, हात कच्चा असताना, एकदाच करायला मिळतं. तिथे राहिलेला पोक किंवा खड्डा पुढे दोन वर्षं दोऱ्या ओवताना तुझ्याकडे बघत बसणार. किटं अर्धवट पडतात ती बहुधा इथेच.

म्हणून पहिली नाव अशी घ्यावी, जिच्यात आकारच सगळं काही आहे. तू मॅसॅच्युसेट्समध्ये राहतोस, तर तिकडची मासेमारीची होडी, डोरी, कर. 'मॉडेल शिपवेज' कंपनीचं लॉवेल ग्रँड बँक्स डोरीचं किट आहे, माप १:२४. खरी होडी वीस फूट धरली तर तुझी दहा इंच होईल, पुस्तकाच्या कप्प्यात मावेल. डोलकाठी नाही, तोफ नाही. सपाट तळ, बाहेर कललेल्या बाजू आणि मागे थडग्याच्या दगडासारखी अरुंद फळी. अमेरिकन लोक त्या फळीला थडगंच म्हणतात.

ही होडी तुझ्या घरापासून फार लांब जन्मली नाही. एम्सबरीला मेरिमॅक नदीकाठी लॉवेलांचा होड्यांचा कारखाना १७९३ पासून आहे आणि अजून चालू आहे. १९११ या एका वर्षात तिथून दोन हजारांवर होड्या बाहेर पडल्या. न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्सवर कॉड पकडायला शिडाची मोठी जहाजं जात, त्यांच्या डेकवर या डोऱ्या एकात एक घालून रचलेल्या असत. बसायच्या आडव्या फळ्या काढता येत, म्हणून तर रचता येत. मासेमारीच्या जागी पोचलं की एकेकीत एक-दोन माणसं बसवून समुद्रात सोडायच्या. रिकामी डोरी डुगडुगते, माशांनी भरली की स्थिर होते. बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये विन्स्लो होमरचं १८८५ चं चित्र आहे, 'द फॉग वॉर्निंग'. ते जाऊन बघ. होडीत दोन मोठे हॅलिबट, मागची बाजू पाण्यात दबलेली, पुढची वर उचललेली, आणि माणूस मान वळवून दूरच्या जहाजाकडे आणि चढत्या धुक्याकडे बघतोय. होडीच्या कडेची रेषा डोळ्यात भरून घे. ती रेषा तुला काढायची आहे.

किट उघडलंस की नकाशा भिंतीला लाव आणि पुस्तिका एकदा शेवटपर्यंत वाच. नकाशाला मी कमी लेखत नाही. तुझ्या आवडत्या 'कॉन्स्टिट्यूशन'चीच गोष्ट सांगतो, तिकडे ही कोणी सांगेल असं वाटत नाही. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ तिने 'जावा' नावाची ब्रिटिश फ्रिगेट हरवली आणि मग 'जावा' जाळून टाकण्यात आली. त्या 'जावा'वर आपल्या मुंबईच्या गोदीसाठी निघालेले नकाशे होते, 'त्रिंकोमाली' या नव्या फ्रिगेटचे. गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांसारखा कसलेला माणूस बसलेला, मलबारच्या सागवानाची ददात नाही, तरी नकाशे दुसऱ्यांदा यावेच लागले. १८१७ मध्ये 'त्रिंकोमाली' मुंबईत पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. नकाशाशिवाय वाडियांचंही चाललं नाही, तर आपलं काय चालणार?

पण नकाशाचा अधिकार एका जागी संपतो, आणि तीच जागा किटवाले नीट सांगत नाहीत. नकाशा सांगतो फासळी कुठे बसवायची आणि तिचा आकार काय. ती बसवताना तुझ्या हाताने केसभर पुढे गेली, गोंदाचा थर एका बाजूला जाड झाला, प्लायवूड हवेने किंचित वाकलं, हे नकाशाला माहीत नसतं. १:२४ मापात तुझा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या होडीवरचा जवळजवळ एक इंच. तेव्हा फासळ्या बसल्यावर नकाशा बाजूला ठेवायचा आणि पट्टी घ्यायची.

पट्टी म्हणजे सरळ नसेची, टोकापासून टोकापर्यंत सारख्या जाडीची पातळ, लवचीक लाकडी पट्टी. सांगाडा पाटावर उलटा बसवला की ती नाळेपासून मागच्या फळीपर्यंत फासळ्यांवरून फिरव, हलक्या बोटाने, दाबू नकोस. दाबली तर पट्टी तुझं ऐकेल आणि काहीच सांगणार नाही. एखाद्या फासळीवर ती उचलली गेली तर ती फासळी उंच आहे, घास. एखादीपाशी उजेड दिसला तर ती खाली आहे, तिच्यावर पातळ लाकडाचं पॅकिंग चिकटव आणि मग घास. खाली राहिलेल्या फासळीशी जुळवून घ्यायला बाकीच्या सगळ्या घासत बसणारे लोक मी पाहिलेत. अशाने होडी बारीक होत जाते.

उजेड फासळीच्या एकाच कडेला दिसत असेल तर उतार कमी पडलाय. होडी टोकांकडे निमुळती होते, म्हणून टोकाकडच्या फासळ्यांची कड तिरकी केल्याशिवाय फळी पूर्ण टेकत नाही. इथे एक युक्ती आहे. लेझरने कापलेल्या लाकडाची कड जळून काळी झालेली असते. नवखे लोक ती काळी दिसते म्हणून आधीच सगळी पुसून काढतात. तू राहू दे. पॉलिश पेपर सपाट काठीला चिकटवून एका बाजूने तिरका घासत जा, काळं मागे सरकत जाईल. ज्या कडेवर नकाशाचा आकार आहे तिथे काळी बारीक रेघ शिल्लक राहिली पाहिजे. ती आहे तोवर मूळ आकार शाबूत आहे. गोंद लावायच्या जागेवरचं काळं मात्र काढ, जळक्या कडेवर गोंद नीट धरत नाही.

आमच्या पॅटर्न शॉपमध्ये, जिथे ओतकामासाठी लाकडी नमुने बनतात, नव्या पोराला पहिले काही महिने डोळे मिटून वक्र पृष्ठावर बोटं फिरवायला लावायचे. पोरं हसायची. पण डोळ्याला जे फुगीर दिसत नाही ते बोटाला लागतं, आणि ओतकामात तेच पुढे लोखंडात उतरतं. तूही दिवा मालवून एकदा फिरवून बघ.

आता फळ्या. किटातली फळी टेबलावर ठेवलीस तर ती केळ्यासारखी वाकडी दिसेल आणि तुला वाटेल कापताना चूक झाली. चूक नाही. सपाट असताना वाकडी असते म्हणूनच होडीवर चढल्यावर तिची कड डौलदार दिसते. ती रुंदीच्या दिशेने ओढून सरळ करायला जाऊ नकोस, एक कड टेकेल आणि दुसरी सुटेल. फळी जाडीच्या दिशेने आणि पिळून वळते, तेवढंच तिच्याकडून मागावं. डोरीच्या फळ्या एकमेकींवर चढलेल्या असतात, तेव्हा खालच्या फळीच्या कडेला आधी उतार द्यायचा, मग वरची बसवायची. नाळेपाशी दोन्ही फळ्या एका पातळीत याव्या लागतात, तिथला उतार हळूहळू खोल होत जातो. सगळ्यात नाजूक काम तेच. टाकाऊ तुकड्यांवर आधी करून बघ, आणि डावी-उजवी बाजू आलटून पालटून घे, नाहीतर सांगाडा एकीकडे ओढला जातो.

गरम पाण्यात थोडा वेळ भिजवलेलं बासवूड, म्हणजे किटातलं लाकूड, निमूट वळतं. वळवून चिमट्यांनी जागेवर धर आणि रात्रभर वाळू दे. गोंद दुसऱ्या दिवशी. ओलं लाकूड आडवं फुगलेलं असतं, तसंच चिकटवलंस तर वाळल्यावर आकसून फट पडेल. तिकडे हिवाळ्यात तुम्ही खोल्या तापवता, त्या हवेत लाकूड आणखी आकसतं. हीटरपासून काम लांब ठेव.

गोंद साधा, सुताराचा, पांढरा किंवा पिवळा. आपल्याकडचा फेविकॉल म्हण. झटपट चिकटणारा घेऊ नकोस. तो जिथे सांडतो तिथे पुढे रंग धरत नाही, आणि फळी सरकवायला वेळ देत नाही. पांढऱ्या गोंदाचा सांधा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून थोडं थांबलं की सैल होतो, फळी सोडवून परत लावता येते. पहिल्या कामात ही सोय सोन्याची.

हत्यारं फार घेऊ नकोस. धारदार कटर आणि भरपूर पाती, स्टीलची पट्टी, छोटा गुण्या, तीन वेगवेगळ्या नंबरांचे पॉलिश पेपर, हाताने फिरवायचं बारीक ड्रिल आणि कपड्यांचे चिमटे. फळ्या वाकवायची विजेची यंत्रं दुकानदार दाखवतील, ती त्यांच्याकडेच शोभतात. पातं बोथट झालं की लगेच बदल. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते बोटाकडे येतं.

रंगाआधी पातळ केलेल्या चपड्याचा एक हात दे, बासवूडवर उठणारी लव ताठ होते, मग बारीक पेपरने निघून जाते. बाहेरून रंग पिवळसर, त्या होड्यांचा नेहमीचा. बसायच्या फळ्या चिकटवू नकोस, खऱ्या होडीत त्या सुट्या असतात हे आता तुला माहीत आहे.

एम्सबरीला जाणं जमलं तर तिथल्या होड्यांचे फोटो आतून काढ, फळी नाळेला कशी मिळते ते दिसेल असे. आणि सांगाडा उलटा बसवून पट्टी लावलीस की मला एक फोटो पाठव. खिडकीकडे तोंड करून, बाजूने काढ, म्हणजे फट असेल तर मला दिसेल. फळ्या चिकटवण्याच्या आधी पाठव, नंतर नको.

मामी बरी आहे. ताईला म्हणावं, दिवाळीचा फराळ पाठवलाय.

तुझा
मामा